इलेक्ट्रिक स्कूटरसाठी सीलंट, थर्मल पेस्ट आणि ग्रीस : ओळखायचे कसे, लावायचे कुठे?

शिरूर आणि दौंड तालुक्यात इलेक्ट्रिक दुचाकी आता नवलाईची राहिलेली नाही. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला जाणारे कामगार, कुरकुंभला नोकरी करणारे, दौंड स्टेशनवर गाडी लावून पुण्याची रेल्वे पकडणारे, मुलांना शाळेत आणि मदरशात सोडणाऱ्या अम्मी, सगळ्यांच्या घरी ही गाडी आली आहे. बऱ्याच घरांत ती हप्त्यावर घेतलेली असते. वॉरंटी आहे तोवर काळजी नसते. ती संपली की गाडी गल्लीतल्या गॅरेजमध्ये जाते आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजमध्ये एक ग्रीसचा डबा आणि एक सिलिकॉनची ट्यूब असते. पेट्रोलच्या गाडीचे काम त्यावर वर्षानुवर्षे निघाले. इलेक्ट्रिक गाडीत मात्र चाकाचे बेअरिंग, तांब्याची तार, सर्किट आणि रबरी सील एकमेकांच्या अगदी जवळ असतात. एका जागी जे औषध, तेच चार बोटांवर विष ठरते. चुकीची ट्यूब स्वस्तात येते, पण तिच्यामुळे कंट्रोलर किंवा मोटर गेली तर घराचा महिन्याचा हिशोब कोलमडतो. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. गाडीच्या मालकाला ती उपयोगी पडेल आणि या धंद्यात नव्याने उतरलेल्या आपल्या पोरांनाही.

आधी एक प्रश्न विचारा

कुठलीही ट्यूब उघडण्याआधी विचारायचे : या जागी आपल्याला काय करायचे आहे? उत्तरे चारच आहेत.

1. पाणी आणि धूळ अडवायची आहे : सीलंट.
2. उष्णता बाहेर काढायची आहे : थर्मल पेस्ट किंवा थर्मल पॅड.
3. घर्षण कमी करायचे आहे : ग्रीस.
4. विजेच्या जोडाला गंज लागू द्यायचा नाही : डायइलेक्ट्रिक ग्रीस.

एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला वापरली की आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असे होते. रंगावरून तर कधीच ठरवू नका. थर्मल पेस्ट पांढरी असते, पांढरे लिथियम ग्रीस पांढरे असते आणि सिलिकॉन ग्रीसही पांढरट दिसते. तिघांची कामे पूर्ण वेगळी. ग्रीसमध्ये निळा-लाल रंग कंपनी आपल्या मर्जीने टाकते, त्याचा दर्जाशी संबंध नसतो.

सीलंट : आधी वास घ्या

गॅरेजमध्ये 'सिलिकॉन' किंवा 'गॅस्केट मेकर' म्हणून मिळते ते आरटीव्ही सिलिकॉन. ते हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार सुकताना सिरक्यासारखा आंबट वास सोडतो. तो वास ॲसेटिक ॲसिडचा. हे सिलिकॉन काचेला, फरशीला, बाथरूमला चांगले. तांब्याची तार, सोल्डरचे जोड आणि सर्किट यांच्याजवळ मात्र ते लावू नये. बंद डब्यात ती आम्लाची वाफ कोंडते, तांबे हिरवे पडते आणि काही महिन्यांनी गाडी मध्येच बंद पडायला लागते. वरून सगळे व्यवस्थित दिसते, त्यामुळे दोष कुठे आहे ते सापडतच नाही.

दुसरा प्रकार 'न्यूट्रल क्युअर'. त्याला आंबट वास नसतो. वेष्टनावर 'न्यूट्रल', 'ऑक्झाइम', 'अल्कॉक्सी' किंवा 'नॉन-करोसिव्ह' असे लिहिलेले असते. सर्किटच्या अगदी जवळ लावायचे असेल तर अल्कॉक्सी किंवा 'इलेक्ट्रॉनिक ग्रेड' लिहिलेलेच घ्यावे. कंट्रोलरच्या डब्यात वायर जिथून आत जाते ती जागा, लाइटचा मागचा भाग, हब मोटरच्या एक्सलमधून वायर बाहेर येते ती जागा, इथे हाच प्रकार लावायचा.

लावण्याची रीत सोपी आहे, पण सबुरी लागते. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, कारण जुन्यावर नवे चिकटत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि काही प्लास्टिकला तडेही जातात. सॅनिटायझरही चालत नाही, त्यात ग्लिसरीन असते. वरची साय 10 ते 30 मिनिटांत धरते, आतून सुकायला मात्र एक पूर्ण दिवस लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा त्याहून जास्त वेळ लागतो. 'अर्ध्या तासात गाडी न्या' असे कोणी म्हणाले तर गाडी न्यायची घाई तुम्ही करू नका.

याच घरातल्या आणखी काही वस्तू ओळखून ठेवा.

एम-सील ही इपॉक्सी आहे. ती दगडासारखी घट्ट होते. खड्ड्यांच्या धक्क्यांनी वायरच्या तोंडाशी ती तडकते, आणि पुढे ती वायर काढायची झाली तर कापावीच लागते. वायरच्या तोंडाला ती नको.

ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ होतो. सीटखालच्या किंवा फूटबोर्डखालच्या तापलेल्या डब्यात त्याचा भरवसा नाही.

काळी चिकटपट्टीही उन्हाळ्यात चिकट सोडते आणि सुटते. वायरच्या जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी घालावी.

थ्रेडलॉकर म्हणजे नट-बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून लावायचे द्रव. धातूच्या दोन आट्यांमध्ये हवा नसेल तेव्हाच ते घट्ट होते. निळे मध्यम ताकदीचे, साध्या पान्याने उघडते. लाल फार घट्ट, उघडायला बोल्ट चांगलाच तापवावा लागतो. गाडी बनवणाऱ्याने जिथे सांगितले आहे तिथे, म्हणजे डिस्कचे किंवा कॅलिपरचे बोल्ट, बहुधा निळे पुरते. प्लास्टिकवर ते सांडू देऊ नका, कव्हरला तडे जातात.

टायर सीलंट ट्यूबलेस टायरमध्ये खिळ्याचे भोक बुजवते. टायरच्या बाजूला गेलेली चीर त्याने बंद होत नाही. उन्हाळ्यात ते आत सुकतही जाते. बाटलीवरची मुदत बघून बदलावे.

थर्मल पेस्ट : जास्त लावली म्हणजे जास्त गार नव्हे

कंट्रोलरमध्ये मॉसफेट नावाचे छोटे भाग असतात. बॅटरीची वीज तेच मोटरला मोजून देतात आणि त्यात तापतात. ती उष्णता ॲल्युमिनियमच्या डब्यात आणि तिथून हवेत जायला हवी. दोन धातू कितीही घट्ट बसवले तरी मध्ये बारीक फटी राहतात, आणि त्या फटीत हवा असते. हवा उष्णतेला फार वाईट वाट देते. आकड्यात सांगायचे तर हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.026, साध्या पांढऱ्या पेस्टची 1 च्या आसपास, चांगल्या पेस्टची 4 ते 8 आणि ॲल्युमिनियमची शंभराच्या वर. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी पटीने चांगली, पण धातूपेक्षा कितीतरी पटीने कमी. तिने फक्त फट भरायची. जाड थर दिला तर तीच भिंत होते. एवढे गणित लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

पेस्ट घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, ती वीज वाहून नेणारी आहे का? झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पेस्ट वीज नेत नाही, तीच आपल्या कामाची. 'लिक्विड मेटल' म्हणून कॉम्प्युटरसाठी जे मिळते त्यात गॅलियम असते. ते वीज नेते आणि ॲल्युमिनियम पोखरते. ते गाडीत अजिबात नको.

दुसरी, ती पेस्ट आहे की गोंद? 'थर्मल ॲडहेसिव्ह' लिहिलेले असेल तर तो चिकटतो आणि भाग पुन्हा निघत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, तिथे आधी काय होते? बऱ्याच कंट्रोलरमध्ये मॉसफेट आणि डबा यांच्यामध्ये पातळ पॅड असतो, करडा, निळा किंवा अभ्रकाचा. मॉसफेटच्या पाठीवरच्या धातूतही वीज असते, म्हणून तो पॅड उष्णता सोडतो आणि वीज अडवतो, अशी दोन्ही कामे करतो. 'पॅड फाटला होता, पेस्ट लावून दिली' असे झाले की गाडी सुरू करताच शॉर्ट होऊ शकते. पॅडच्या जागी त्याच जाडीचा पॅडच घालायचा. तो बसवताना स्क्रूखालचे छोटे प्लास्टिक वॉशरही परत घालायला विसरू नका.

कंट्रोलरचा डबा चेसिसच्या पट्टीवर बसतो तिथे दोन्ही पृष्ठभाग साफ करून पेस्टचा पातळ हात फिरवला तर उपयोग होतो. फिन्सवर साचलेली धूळ आणि उसाच्या ट्रॉलींनी उडवलेला चिखल काढला तर त्याहून जास्त होतो. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्याने गळिताच्या हंगामात रोज जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

एक एहतियात : बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते. मल्टिमीटरने मोजून शून्याजवळ आल्याशिवाय आत बोट किंवा पाना घालू नये.

ग्रीस : डब्यावर काय वाचायचे?

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. लिथियम ग्रीसचा हा साबण सहसा एरंडेल तेलापासून काढलेल्या आम्लाचा असतो. स्पंज पाणी धरतो तसा साबण तेल धरतो आणि गरज पडेल तसे सोडतो. डब्यावर दोन गोष्टी बघायच्या.

घट्टपणा : एनएलजीआय क्रमांक 000 पासून 6 पर्यंत असतो. 000 ओघळणारे, 6 वडीसारखे. दुचाकीच्या बहुतेक कामांना 2 नंबर. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'एपी-3' या नावाने जे चाकाच्या बेअरिंगला वापरतात ते 3 नंबरचे, थोडे घट्ट लिथियम ग्रीस.

जात : कॅल्शियमचे साधे चेसिस ग्रीस पाण्याला टिकते, पण 100 अंशांच्या आसपास वितळते. लिथियम ग्रीस साधारण 180 ते 200 अंशांपर्यंत वितळत नाही, लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्याही पुढे. हा आकडा वितळण्याचा आहे, चालवण्याचा नाही. रोजच्या वापराची मर्यादा त्याच्या बरीच खाली असते. लिथियम आणि पॉलियुरिया यांसारख्या वेगळ्या जाती एकत्र झाल्या तर ग्रीस पातळ होऊन गळू शकते. म्हणून जुने पुसून नवे भरा, वरून थापू नका.

आता जागा.

हँडलचा बॉल रेसर : लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, 2 किंवा 3 नंबर. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त मार इथेच बसतो.

साइड स्टँड, मेन स्टँड, ब्रेक लिव्हर : तेच ग्रीस, अगदी थोडे. जास्तीच्या ग्रीसला धूळ चिकटते आणि घासपट्टी तयार होते.

हब मोटरचे बेअरिंग : बहुतेक गाड्यांत ते दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले असते, नंबरापुढे '2आरएस' लिहिलेले. ते उघडून ग्रीस भरायचे नसते. आवाज करू लागले की त्याच नंबरचे नवे टाकायचे.

गिअर असलेली हब मोटर : इलेक्ट्रिक सायकलींत आढळते. आतली चाके नायलॉनची असतात. 'प्लास्टिकसाठी सुरक्षित' असे लिहिलेले सिंथेटिक ग्रीसच वापरावे.

कॅलिपरच्या सरकत्या पिना : सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस. साध्या ग्रीसने तिथले रबर फुगते आणि ब्रेक अडकतो. डिस्क आणि पॅडला कुठल्याच ग्रीसचा हात लागू देऊ नका. इथे प्रश्न पैशाचा नाही, मागे बसलेल्या लेकराचा आहे.

कॉपर ग्रीस आणि ग्रॅफाइट ग्रीस वीज नेतात. कनेक्टर, कंट्रोलर आणि बॅटरीपासून ती लांब ठेवा.

डब्ल्यूडी-40 सारखे फवारे ओल हटवतात, गंजलेला नट सोडवतात. ते ग्रीस नव्हेत. बेअरिंगवर मारले तर आतले ग्रीस धुऊन निघते.

कनेक्टर : इथे सगळ्यात जास्त गैरसमज

डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणजे सिलिकॉन ग्रीस. ते वीज नेत नाही, अडवते. मग जोडाला का लावायचे? पिना एकमेकींत घट्ट बसताना ग्रीस बाजूला सरते आणि धातूला धातू भिडतो. आजूबाजूला राहिलेले ग्रीस ओलावा आणि हवा अडवते, त्यामुळे गंज चढत नाही. कनेक्टरच्या रबरी सीलवर आणि मागे वायर शिरते तिथे पातळ हात पुरे. अपवाद सिलिकॉन रबराच्या सीलचा, ते सिलिकॉन ग्रीसने फुगते.

चार्जिंगच्या सॉकेटमध्ये ग्रीस भरू नका. धूळ चिकटून तिथेच अडथळा होतो. त्याचे झाकण नीट लागते का एवढे बघा.

कनेक्टर तपकिरी पडला असेल, प्लास्टिक वितळल्यासारखे दिसत असेल किंवा गाडी चालवल्यावर तो हाताला चटका देत असेल, तर तो जोड ढिला झाला आहे. त्यावर ग्रीस हा इलाज नाही. कनेक्टर बदलायचा, तोही तेवढ्याच ॲम्पिअरचा.

जुन्या लेड-ॲसिड बॅटरीच्या टर्मिनलवर व्हॅसलीन लावायची आपली पद्धत चुकीची नाही. आधी साफ करून घट्ट आवळा, मग वरून लावा.

बॅटरीला हात लावू नका

मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला होता. त्या वर्षी देशात अशा आणखी घटना घडल्या. त्यानंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरी सुरक्षेचे एआयएस-156 नियम कडक केले आणि ते 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. लिथियम बॅटरी एकदा पेटली की आतल्या आत एका सेलवरून दुसऱ्यावर आग सरकते.

म्हणून बॅटरीचा डबा उघडून आत पेस्ट, सिलिकॉन, ग्रीस काहीही लावायचे नाही. आतल्या सेल आणि पॅड यांची रचना ठरवून केलेली असते. बाहेरून सिलिकॉन थापतानाही ध्यान ठेवा : अनेक डब्यांना हवेच्या दाबासाठी छोटी श्वासनळी किंवा जाळी असते. तिला भोक समजून बुजवले तर गॅस बाहेर पडायची वाट बंद होते. बॅटरी फुगली, वास आला, पाण्यात बुडाली किंवा आपटली असेल तर चार्जिंग बंद करा, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि अधिकृत सर्विस सेंटरला दाखवा. धूर दिसला तर माणसे लांब न्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा. एका खोलीच्या घरात बाहेर जायच्या दाराजवळ चार्जिंग लावू नये, हेही यातच आले.

पाणी मारताना

बॅटरीवर 'आयपी67' लिहिलेले असते. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकते. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही. शिवाय उन्हातून आलेली तापलेली मोटर गार पाण्याने धुतली की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. आतले हॉल सेन्सर त्यानेच खराब होतात आणि गाडी झटके देऊ लागते. दौंड स्टेशनबाहेर दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी घरी आणून आधी थंड होऊ द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. चार्जिंगलाही लगेच लावू नका.

हब मोटरची वायर एक्सलमधून बाहेर आल्यावर थोडी खाली लोंबून मग वर जाईल अशी बांधा. पाणी त्या खालच्या वळणावरून टपकून जाते, आत शिरत नाही. फुकटचा उपाय आहे आणि सिलिकॉनइतकाच कामाचा.

कुठून घ्यायचे, काय बघायचे

साधे ग्रीस आणि थ्रेडलॉकर शिरूर-दौंडच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत मिळते. न्यूट्रल सिलिकॉन, थर्मल पॅड, डायइलेक्ट्रिक ग्रीस गावात मिळाले नाही तर पुण्यात इलेक्ट्रॉनिक्ससाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि गाडीच्या सामानासाठी नाना पेठ, हे दोन बाजार जुने आणि माहितीचे आहेत. दुकानदाराला 'सिलिकॉन द्या' म्हणू नका, 'वायरजवळ लावायचे न्यूट्रल सिलिकॉन द्या' म्हणा.

वेष्टनावर उत्पादनाची तारीख, मुदत आणि बॅच नंबर बघा. सीलंट मुदतीनंतर नीट सुकत नाही. तारीख खोडलेली किंवा छपाई पुसट असेल तर घेऊ नका. बिल घ्या. ऑनलाइन मागवले तर त्या वस्तूचे टेक्निकल डेटा शीट उघडून तापमान आणि 'नॉन-करोसिव्ह' हे दोन शब्द शोधा. घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलींना हे काम द्या, पाच मिनिटांत होते.

वर्षातून दोनदा

मे अखेरीस, पावसाआधी : वायरच्या तोंडांची सीलं, चार्जिंगचे झाकण, कनेक्टरवरचे डायइलेक्ट्रिक ग्रीस तपासा. सिलिकॉन लावायचे असेल तर दोन दिवस गाडी मोकळी ठेवा.

फेब्रुवारी अखेरीस, उन्हाळ्याआधी : कंट्रोलरच्या फिन्स साफ करा, बॉल रेसरचे ग्रीस बदला, टायर सीलंटची मुदत बघा.

गाडी वॉरंटीत असेल तर यातले काहीही स्वतः उघडू नका. कंट्रोलर किंवा मोटर उघडल्याचे दिसले की कंपनी हात वर करते. वॉरंटी संपली असेल तर गॅरेजमध्ये गाडी सोडून चहाला जाऊ नका. थोडा वेळ उभे राहा, कुठली ट्यूब उघडली जाते ते बघा आणि अदबीने विचारा : "चाचा, हे न्यूट्रल आहे ना?" चांगल्या मेकॅनिकला हा प्रश्न टोचत नाही. त्यालाही कळते की गाडीवाला वाचून आला आहे.